काय ठेवायचं, काय काढायचं: आमच्या ग्रुपच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५

आज आषाढी एकादशी. सकाळपासून ग्रुपवर विठ्ठलाचे फोटो येतायत, आणि ग्रुपच्या वर्णनात नियम क्रमांक दोन जिथल्या तिथे आहे: 'शुभेच्छा व देवादिकांचे फोटो टाकू नयेत.' अजून एकही फोटो काढला गेलेला नाही. एप्रिलमध्ये सी विंगमधल्या एका कुटुंबाने ईस्टरच्या शुभेच्छा टाकल्या होत्या, त्या मात्र याच नियमावर बोट ठेवून तासाभरात उडवल्या गेल्या. नियम तोच, ॲडमिनही तेच. कोणाच्या मनात काळंबेरं होतं असं मला अजिबात वाटत नाही. विठ्ठलाचा फोटो 'शुभेच्छांच्या मेसेज'मध्ये मोडतो हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

कामाचं स्वरूप लिहून ठेवते. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचं आमचं संकुल, चार विंग, सभासद आणि भाडेकरू मिळून एकच व्हॉट्सॲप ग्रुप. टँकर, लिफ्ट, पार्किंग, कुत्री, देखभाल खर्च, सगळी भांडणं तिथेच. मागच्या बैठकीत उघड आरोप झाला की ॲडमिन मंडळी आपल्या माणसांचे मेसेज ठेवतात आणि बाकीच्यांचे काढतात. कार्यकारिणीने तिघांना काम दिलं: सेक्रेटरी साहेब, डी विंगमधल्या काकू (निवृत्त मुख्याध्यापिका) आणि मी. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, त्यामुळे 'तुम्ही चुका शोधण्यात तरबेज' म्हणून मला ओढलं. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे नियमांचा मसुदा ठेवायचाय.

सेक्रेटरी साहेबांचं म्हणणं, पाच ओळी नीट लिहा, वर्णनात टाका, विषय संपला. पाच ओळी तर आत्ताही आहेत.

१० जुलै

जुने निर्णय गोळा करायला बसले आणि तिथेच अडलं. ॲडमिनने मेसेज काढला की व्हॉट्सॲपवर फक्त एवढी ओळ उरते की हा मेसेज अमुक ॲडमिनने डिलीट केला. मजकूर काय होता, कोणत्या नियमात बसला नाही, काही नाही. चॅट एक्सपोर्ट केलं तरी तीच ओळ. म्हणजे शिक्षा कोणी दिली हे सगळ्यांना दिसतं, गुन्हा काय ते कोणालाच दिसत नाही. अशात माणसं आपापली गोष्ट रचणारच. टेलिग्रामवर निदान ॲडमिनना मागच्या ४८ तासांतल्या कारवायांची यादी बघता येते. इथे तीही सोय नाही.

आजपासून शीट सुरू केली. मेसेज काढण्याआधी स्क्रीनशॉट, मग वेळ, नियम, काढणाऱ्याचं नाव, एका ओळीत कारण. सेक्रेटरी साहेब वैतागले. "मॅडम, एक मेसेज काढायला पंचनामा?" हो, पंचनामाच. शीट तिघांकडेच राहील आणि तीन महिन्यांनी जुन्या ओळी पुसल्या जातील. लोकांच्या रागाच्या भरातल्या वाक्यांचं संग्रहालय करायचं नाहीये.

एक अनपेक्षित फायदा लगेच दिसला. कारण लिहायला लागणार म्हटल्यावर हात आपोआप थांबतो. 'आवडलं नाही' हे कारण रकान्यात लिहिताना जरा विचित्रच दिसतं.

१९ जुलै

काकूंनी आज दिशा दिली. बोर्डाचे पेपर तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली; आधी परीक्षक, नंतर नियामक. त्या म्हणाल्या, "अगं, पेपर तपासायला बसण्याआधी आमची बैठक व्हायची. नमुना उत्तरं समोर. याला किती, त्याला किती, पायरीला किती, सगळं ठरल्याशिवाय लाल पेनाला हात लावायचा नाही. आणि तरीही नियामक परीक्षकाचे काही पेपर परत तपासतो." उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बारकोड असतो तोही याचसाठी.

मग आम्ही तेच करायचं ठरवलं. उडालेले मेसेज तर हाती नाहीत, पण तक्रार करताना लोकांनी पाठवलेले स्क्रीनशॉट आहेत, आणि राहिलेले वादग्रस्त मेसेज भरपूर आहेत. दोन्हींची मिसळ केली, नावं आणि फ्लॅट नंबर काळे केले, प्रत्येकाला क्रमांक दिला. तिघांनी वेगवेगळं बसून ठरवायचं: ठेवायचा की काढायचा, आणि कोणत्या नियमाखाली.

२७ जुलै

तिघांचे कागद एकमेकांशेजारी ठेवले. सेक्रेटरी साहेब खूश झाले, "बघा, बहुतेक ठिकाणी आपण एकमताचे आहोत." इथे मला जरा गणित मध्ये आणावं लागलं.

समजा १०० मेसेज आहेत. दोघांनीही ८५ ठेवले, दोघांनीही ५ काढले, उरलेल्या १० बाबतीत मतभेद: ५ फक्त मी काढले, ५ फक्त तुम्ही. म्हणजे ९० टक्के एकमत, ऐकायला झकास. पण आपण दोघंही शंभरातले दहाच काढतो. डोळे मिटून कुठलेही दहा काढले असते तरी योगायोगानेच ८२ ठिकाणी आपलं जमलं असतं, कारण बहुतेक मेसेज साधेच असतात, 'लिफ्ट बंद आहे का' छापाचे. योगायोगाच्या वर मिळवण्यासारखे गुण होते १८, त्यातले आपण मिळवले ८. म्हणजे ०.४४. याला कोहेनचा कप्पा म्हणतात, जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला. १९७७ पासून वापरात असलेल्या एका प्रचलित मापात ०.४१ ते ०.६० म्हणजे 'मध्यम'.

काकूंनी वहीत आकडेमोड करून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे सोप्या प्रश्नांवर पास झालो, अवघडावर नापास." याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं. सोपे मेसेज बाजूला काढून फक्त भांडणाच्या मेसेजवरचं एकमत बघायचं, असं ठरलं. तिथे आमचं चित्र बरंच केविलवाणं आहे.

३० जुलै

त्याच मेसेजांची दुसरी फेरी, यावेळी नावांसकट. नावं बघून तिघांचेही काही निर्णय फिरले, आणि फिरले ते ठरावीक दिशेने. माजी खजिनदारांचे बोचरे मेसेज 'अनुभवी माणूस आहेत, काहीतरी असेल' म्हणून राहिले. ए विंगमधल्या भाडेकरू मुलीचे, त्याच धाटणीचे, 'ही नेहमीचीच' म्हणून गेले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग सेक्रेटरी साहेबांनी चहा मागवला.

मला यात एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. 'ही नेहमीचीच' हे विधान खरंही असू शकतं. आधी दोनदा ताकीद दिलेल्या माणसाला वेगळं वागवणं अन्यायाचं नाही. पण मग ती ताकीद शीटमध्ये दिसली पाहिजे. आठवणीतला इतिहास चालणार नाही, लिहिलेलाच चालेल. कारण आठवण ओळखीच्यांबाबत दिलदार असते.

२ ऑगस्ट

सेक्रेटरी साहेबांची भीती आज स्पष्ट बाहेर आली. "उद्या कोणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस ॲडमिनला धरतील. त्यापेक्षा शंका आली की उडवा." ही भीती ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ चा निकाल त्यांना दाखवला: सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर येत नाही, संगनमत किंवा आधी ठरवून केलेला बेत दिसला पाहिजे. त्या वेळी ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढताही येत नव्हता, ते बटण २०२२ मध्ये आलं.

त्यावरून पालघरची आठवण निघाली. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पुढे मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. एक मोठं कारण असं, की त्रासदायक, अत्यंत आक्षेपार्ह वगैरे शब्द इतके सैल की कोणाला काय लावायचं ते लावणाऱ्याच्या मर्जीवर.

मग आमच्या नियम क्रमांक तीनकडे पाहिलं: 'सभ्य भाषा वापरावी.' तोही त्याच जातीचा.

५ ऑगस्ट

सभ्यतेचा नियम कसा चालतो याचा नमुना शीटमध्येच सापडला. विषय एकच, पाण्याची टाकी धुतली नाही. एक मेसेज:

'अरे मूर्खांनो टाकी धुवायला काय मुहूर्त काढताय का'

हा दहा मिनिटांत गेला. दुसरा, त्याच संध्याकाळचा:

'कार्यकारिणीच्या कार्यतत्परतेला साष्टांग दंडवत. टाकीतील जलचरसृष्टीचे दर्शन घेऊन धन्य झालो. असेच दुर्लक्ष राहू द्यावे ही विनंती.'

हा राहिला, वर हसण्याच्या इमोजींचा पाऊस. अपमान कुठला मोठा? माझ्या मते दुसरा. तो जास्त खोल लागतो आणि सावकाश लागतो. पण त्यात पकडायला एकही शब्द नाही. पहिला लिहिणारा टेम्पो चालवतो, दुसरा वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारा. ज्याला टोमणा मारता येतो तो सुटतो आणि ज्याला सरळ बोलता येतं तो सापडतो, हा आमच्या 'सभ्य भाषे'चा एकूण हिशोब. आमचे ॲडमिन हिंदीतली शिवी लगेच ओळखतात, शुद्ध मराठीतली कुजकट ओळ मात्र त्यांना साहित्य वाटते.

नियम तीनचा नवा मसुदा: काम, खर्च, निर्णय यांवर कितीही कडक टीका चालेल, टोमण्यातही चालेल. चालणार नाही ते असं: धमकी, जात, धर्म, प्रांत, भाषा यांवरून हिणवणं, कोणाच्या घरातल्या खासगी गोष्टी, फोन नंबर किंवा मुलांचे फोटो टाकणं, काम सोडून माणसाच्या अंगावर जाणं. 'मूर्खांनो'चं काय, यावर आमचं भांडण झालं. शेवटी तोडगा काकूंचा: आधी खासगीत सांगायचं. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटं बदलता येतो. 'तेवढा शब्द काढा, तक्रार राहू द्या.' ऐकलं तर शीटमध्ये नोंदही नको.

१३ ऑगस्ट

दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश परवा, ११ तारखेला आला आणि ग्रुप पेटलाय. दिल्लीचा आदेश, पण बी विंगच्या गेटवरच्या काळ्या कुत्रीचं भवितव्य ठरवायला सगळे सरसावलेत. खायला घालणाऱ्या दोन मुलींच्या नावाने, फ्लॅट नंबरसकट, मेसेज आले. ते लगेच काढले, नव्या मसुद्यात स्पष्ट बसतात. पण समोरच्या बाजूने 'ज्यांना माणुसकी नाही त्यांनी जंगलात राहावं' असं आलं, तेही अंगावर जाणारंच. सेक्रेटरी साहेब म्हणाले, ते राहू दे, ते काही कोणाचं नाव घेत नाही. मी विचारलं, हेच वाक्य कुत्रेवाल्यांबद्दल असतं तर? 'ज्यांना कुत्री हवीत त्यांनी जंगलात राहावं.' जरा थांबले आणि म्हणाले, काढलं असतं.

ही उलटून बघायची सवय शीटमध्ये रकाना म्हणून टाकली: 'बाजू उलट केली तर निर्णय तोच?' हो किंवा नाही. 'नाही' आलं की एकट्याने निर्णय घ्यायचा नाही.

ग्रुपला एक गोष्ट पिन करून सांगितली: २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीने खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची तरतूद आहे, ती बैठकीत ठरेल. वाद कमी झाला नाही, निदान त्याला पत्ता मिळाला.

१९ ऑगस्ट

कालपासून तुफान पाऊस. दुसऱ्या एका नियमाची परीक्षा झाली. आम्हाला हा नियम फार आवडला होता: दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे खूपदा पुढे ढकलला गेलेला मेसेज सरसकट काढायचा. बाजू नाही, मत नाही, माणूस नाही, फक्त खूण बघायची. यात आमचा कप्पा एक, म्हणजे पूर्ण एकमत, येईल अशी मी फुशारकीही मारली होती.

आज शाळांच्या सुट्टीचं खरं सरकारी पत्रही दोन बाण घेऊनच आलं. नियमाप्रमाणे गेलं. त्याच वेळी कुठल्यातरी जुन्या पुराचा व्हिडिओ, कोणीतरी सेव्ह करून नव्याने टाकलेला, बाणांशिवाय छान राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही पूर्ण सातत्याने.

नियम सोडला नाही, बाजूला दार ठेवलं. सरकारी सूचना असेल तर सदस्याने ॲडमिनला पाठवायची. महापालिका किंवा जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत खात्यावर ती दिसली की घोषणांच्या वेगळ्या ग्रुपवर, जिथे फक्त ॲडमिन लिहितात, जाईल.

२३ ऑगस्ट

काल कुत्र्यांच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने बदल केला: नसबंदी, लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक वगळून, आणि खाऊ घालायला ठरावीक जागा. आता जल्लोषाची बाजू बदलली. दहा दिवसांपूर्वी ज्यांचे मेसेज काढले त्यांनी लक्ष ठेवलंच होतं की समोरच्यांचे काढतात का. काढले. 'आता बसा घरात' असल्या गोष्टी, तेच कलम, तेच वाक्य कारण म्हणून. बी विंगमधल्या काकांनी, जे माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हते, लिफ्टमध्ये मान हलवली.

६ सप्टेंबर

सणांचं. गणपतीच्या आधीच व्हॉट्सॲपची कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र बांधायची सोय) करून 'सणवार' नावाचा वेगळा ग्रुप उघडला होता. मुख्य ग्रुपवर कुठल्याच सणाची शुभेच्छा नको, तिथे सगळ्यांच्या. पहिल्या दिवशी बाप्पाच्या आरतीचे व्हिडिओ सवयीने मुख्य ग्रुपवर आले, ते काढताना काकूंचा हात जड झाला असणार, पण त्यांनी काढले. काल ओणम आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, सणवारवर फुलांची रांगोळी आणि शीरखुर्मा शेजारी शेजारी. मुख्य ग्रुपवर फक्त टँकर कधी येणार. यापलीकडे लिहिण्यासारखं नाही.

१४ सप्टेंबर

एका गोष्टीवर माझं आणि काकूंचं अजून जमलेलं नाही. 'एकच तक्रार दिवसातून एकदाच' हा नियम सर्वांना सारखा. पण वरच्या मजल्यावर पंपाचं पाणी नीट चढत नाही, तिथल्यांना पाण्याची तक्रार रोज आणि दिवसातून तीनदा करावीशी वाटते. दुसऱ्या मजल्यावरच्याला तो नियम कधी आडवाच येत नाही. काकूंचं म्हणणं, अपवाद सुरू केले की फूटपट्टी रबराची होते. माझं म्हणणं, सारखा नियम सारखाच लागतो असं नाही. तूर्तास जमवलेला मार्ग: प्रत्येक तक्रारीला ऑफिस नंबर देईल, आणि त्या नंबरला उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारणं म्हणजे पुनरावृत्ती धरायची नाही. ओझं तक्रार करणाऱ्यावरून उत्तर देणाऱ्यावर गेलं. मॅनेजर नाराज आहे.

शिक्षेच्या पायऱ्या हाही घोळ. व्हॉट्सॲपवर एका सदस्याला तीन दिवस गप्प बसवायची सोय नाही; मेसेज काढा किंवा माणूसच काढा. टेलिग्रामवर ठरावीक काळापुरतं लिहिणं बंद करता येतं. ग्रुपमधून काढलं की टँकरची वेळही कळत नाही, ही शिक्षा टोमण्याला फार होते. म्हणून काढलेला माणूस घोषणांच्या ग्रुपवर राहीलच, हे कलम घातलं.

अपिलाचं कलम मात्र तयार मिळालं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मोठ्या कंपन्यांना बंधन आहे: स्वतःहून मजकूर काढायचा तर वापरकर्त्याला कारण कळवा आणि म्हणणं मांडायची संधी द्या. आम्ही कोण लागून गेलो, पण वाक्य चांगलं आहे, उचललं. आमचं: २४ तासांत पोच, सात दिवसांत निकाल, निकाल देणारे दोघं वेगळे. ज्याने काढला तो बसणार नाही. मेसेज कार्यकारिणीवर टीकेचा असेल तर कार्यकारिणीचा कोणीही बसणार नाही.

२२ सप्टेंबर

घोडबंदर रोडवर मेट्रो-४ ची चाचणी झाली. ग्रुपवर व्हिडिओच व्हिडिओ, अर्धे दोन बाणांचे. काढले. खिडकीतून स्वतः टिपलेले राहिले. कोणी कुरकुरलं नाही, हे विशेष.

२८ सप्टेंबर

सभा. मसुदा मंजूर, दोन बदलांसह. एक, शीट सगळ्यांना दाखवा अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही, पण दर महिन्याला कोणत्या नियमाखाली किती मेसेज काढले, किती अपिलं आली, किती निर्णय फिरले एवढे आकडे जाहीर होतील, नावांशिवाय. दोन, अपिलाच्या यादीत भाडेकरू असावेत का यावर जोरदार वाद. "सभेत ज्यांना मत नाही ते निकाल कसला देणार?" ए विंगमधल्या मुलीने उभं राहून सांगितलं की काढलेले मेसेज मोजायचे तर भाडेकरूंचे आधी मोजा. अध्यक्षांनी सहा महिन्यांपुरतं मान्य केलं.

३० सप्टेंबर

पहिलं अपील आलं, सेक्रेटरी साहेबांचंच. काल रात्री पार्किंगवरून त्यांनी कोणाच्या तरी 'खानदाना'चा उल्लेख केला, काकूंनी पंधरा मिनिटं वाट बघून काढला. साहेबांनी अर्ज नियमात भरलाय: स्क्रीनशॉट, नियम क्रमांक, आणि कारणाच्या रकान्यात 'संदर्भ विनोदी होता'. पोच मी दिली. निकालाला ए विंगमधली मुलगी आणि बी विंगमधले काका बसतील, ५ तारखेला, क्लब हाउसमध्ये.